फडेप्पा चौगुले यांची वेळ



एका व्यायामशिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला इतिहासाच्या अध्यापकाला बोलावणे आले, तेव्हा काहींना नवल वाटले. मला विषय शोधावा लागला नाही. बेळगावात उभे राहून धावण्याच्या इतिहासाविषयी बोलायचे आणि फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव घ्यायचे नाही, हे होण्यासारखे नव्हते. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे हे धावपटू मॅरेथॉन शर्यतीत उतरले. त्यांनी शर्यत पुरी केली, त्यांचा एकोणिसावा क्रमांक लागला आणि त्यांची वेळ नोंदली गेली : २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. माझे आजचे व्याख्यान मुख्यतः या एका आकड्याविषयी आहे.

आधी नावाविषयी दोन शब्द. फडेप्पा आणि दरेप्पा ही नावे कानडी वळणाची; चौगुले हे आडनाव मात्र जुन्या ग्रामव्यवस्थेतले. पाटलाच्या हाताखाली गावचा कारभार पाहणारा तो चौगुला. आपल्या भागात दोन भाषा एकाच घरात, एकाच नावात किती सहजपणे नांदत आल्या आहेत, याचा हा बोलका दाखला आहे. कोणत्या भाषेचा धावपटू, असा प्रश्न त्या वेळी अँटवर्पमध्ये कोणी विचारला नसावा. असो.

चौगुले यांचा उल्लेख जिथे येतो तिथे तो साधारणतः दोन ओळींचा असतो. पहिल्या भारतीय पथकात होते, एकोणिसावे आले; संपले. कधीकधी तर तेवढाही येत नाही. ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करणारे पहिले भारतीय म्हणून सुरतसिंग माथूर यांचे नाव सांगितले जाते. माथूर १९५२ साली हेलसिंकीला धावले. ते स्वतंत्र भारताचे पहिले, हे खरेच आहे आणि त्यांचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण लिहिता लिहिता ‘स्वतंत्र’ हा शब्द गळतो आणि त्याबरोबर बत्तीस वर्षे आधीचा एक माणूसही गळून पडतो. इतिहासात माणसे अशीच हरवतात.

चौगुले अँटवर्पला पोहोचले ते पुण्याच्या वाटेने. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ साली जिमखान्याने भरविलेल्या मैदानी शर्यतींत त्यांनी जे पाहिले, त्याचे वर्णन त्यांनी दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. हे पत्र आपल्या क्रीडाइतिहासातील एक महत्त्वाचे साधन मानले पाहिजे. शर्यतीत उतरलेली मुले शेतावर राबणारी, साधे अन्न खाणारी होती. युरोपातील नियम आणि सरावाच्या पद्धती त्यांना ठाऊक नव्हत्या. कार्यक्रमात एक लांब पल्ल्याची शर्यत होती आणि तिला मॅरेथॉन हेच नाव दिलेले होते. ही मुले ती रस्त्यावरून अनवाणी धावली, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांजवळ जाणाऱ्या आहेत, असे दोराबजींच्या ध्यानात आले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. लांब पल्ला पायी तोडणे ही आपल्या मुलखात नवलाई नव्हती. मराठी राज्याच्या कागदपत्रांत जासूद आणि हलकारे पानोपानी भेटतात. इंग्रजी अमलातही घाटवाटांनी टपाल वाहणारे हरकारे होते. पण ती पोटासाठीची धाव होती. तिला अंतर होते, मुदत होती, उशीर झाला तर बोलणीही खावी लागत. घड्याळ मात्र नव्हते. दोराबजींनी केले ते इतकेच की, जे पाय आधीपासून धावत होते त्यांच्याकडे त्यांनी घड्याळ हातात घेऊन पाहिले. एका उद्योगपतीची नजर ती. अशी नजर आपल्या विद्वानांपाशी त्या काळी नव्हती, असे मला इतिहासाचा अध्यापक म्हणून सांगावे लागते.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळाले, आणि हिंदुस्थानला ऑलिंपिकमध्ये भाग घेण्याची परवानगी मिळाली. पथक सहा जणांचे निवडले गेले. धावण्यासाठी चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे यांचे परदेशी नोंदींत ‘शिंडेस’ झाले आहे. त्यांनी हलक्या वजनगटात चौथा क्रमांक मिळविला. पदक एका कुस्तीने हुकले. ही सहा नावे आपल्या शाळांतील मुलांना तोंडपाठ असायला हरकत नव्हती. भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली ती १९२७ साली, म्हणजे पथक आधी गेले आणि संघटना नंतर आली.

ते ऑलिंपिकही साधे नव्हते. पहिले महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. बेल्जियमची भूमी त्या युद्धात पोळून निघालेली. जर्मनी, ऑस्ट्रिया या पराभूत राष्ट्रांना बोलावणे नव्हते. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकच्या मैदानावर पहिल्यांदा फडकला तो येथेच, आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची प्रथाही येथेच सुरू झाली. मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. हवा थंड, पावसाळी होती. बेळगावच्या माणसाला पावसात धावणे अपरिचित नव्हते, हे आपणांस सांगायला नको.

अठ्ठेचाळीस धावपटू निघाले, पस्तिसांनी शर्यत पुरी केली. दातार यांना ती अर्धवट सोडावी लागली. पहिला आला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन. आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमला तीन सुवर्णपदके मिळविणारा हा गवंडीकाम करणारा माणूस; त्याची वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद. एस्टोनियाचा लॉसमान त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांनी आला. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या आर्री याने शर्यत संपल्यावर मैदानात तीन कोलांट्या मारल्या म्हणे! सव्वीस मैल धावून आलेल्या माणसाच्या अंगात एवढी रग उरली होती, हे वाचून मला अजूनही हसू येते. चौगुले विजेत्यानंतर अठरा मिनिटांनी आले.

आता मुद्द्याकडे येतो. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद ही वेळ आपण वाचतो तेव्हा मनात नकळत आजचे अंतर गृहीत धरतो : ४२ किलोमीटर १९५ मीटर. अँटवर्पचे अंतर तेवढे नव्हते. ते ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही.

असे का झाले, याला कारण आहे. मॅरेथॉनचे अंतर आरंभी ठरलेलेच नव्हते. १८९६ साली अथेन्सला शर्यत झाली ती साधारण ४० किलोमीटरची; तिच्यामागची ग्रीक दूताची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९०८ साली लंडनमध्ये आरंभ विंडसरच्या राजवाड्यापाशी ठेवला आणि शेवट मैदानात राजघराण्याच्या सज्जासमोर, म्हणून अंतर २६ मैल ३८५ यार्ड झाले. तेच आजचे ४२.१९५. राजघराण्याच्या सोयीने ठरलेले हे अंतर पुढे साऱ्या जगाने धावावे, ही इतिहासाची मौज आहे. पण तेही लगेच रूढ झाले नाही. १९१२ ला स्टॉकहोमला ते ४०.२ किलोमीटर होते. अँटवर्पकरांनी ४२.७५ ठेवले. आंतरराष्ट्रीय संघटनेने लंडनचे अंतर कायमचे प्रमाण ठरविले ते १९२१ साली, चौगुले धावले त्याच्या पुढल्याच वर्षी.

फरक ५५५ मीटरांचा. ऐकायला थोडा वाटतो. हिशेब करून पाहू. शाळेत गणित शिकलेल्यांना तो कठीण नाही. दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद म्हणजे १०,२४५ सेकंद. त्यांना ४२.७५ ने भागले की एका किलोमीटरला २३९.६५ सेकंद येतात. म्हणजे चौगुले यांनी पावणेत्रेचाळीस किलोमीटर दर किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आतच तोडले. या गतीने ५५५ मीटरांना २ मिनिटे १३ सेकंद लागतात. ते वजा केले की ४२.१९५ किलोमीटरची त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद येते. हा अंदाज आहे, नोंद नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो; सरासरीने काढलेली वेळ कोणत्याही विक्रमाच्या वहीत लिहिता येत नाही. पण अंदाज चुकला असेल तर बहुधा त्यांच्या विरुद्ध चुकला आहे. शेवटचा अर्धा किलोमीटर थकल्या पायांचा असतो, सरासरीहून मंद असतो. त्याला अधिक सेकंद लागलेले असणार.

आणखी एक तुलना करतो, तिला अंदाजाची गरज नाही. १९०८ च्या लंडन शर्यतीत सुवर्णपदक मिळविणारा अमेरिकेचा जॉनी हेझ ४२.१९५ किलोमीटर २ तास ५५ मिनिटे १८ सेकंदांत धावला होता. चौगुले त्याच्याहून ५५५ मीटर अधिक धावले आणि साडेचार मिनिटे कमी लागली. बारा वर्षांत जग पुढे गेले होते म्हणून ते एकोणिसावे. हवामानाचा भेद येथे लक्षात घ्यायलाच हवा : लंडनचा तो दिवस उष्ण होता, अँटवर्पचा थंड. म्हणून हेझपेक्षा चौगुले श्रेष्ठ, असे मी म्हणणार नाही. ‘एकोणिसावे आले’ या दोन शब्दांत जे मावत नाही ते किती आहे, एवढेच दाखवायचे आहे.

या आकडेमोडीची मला गोडी लागली ती पुस्तकांमुळे नव्हे. चाळिशी उलटल्यावर मी स्वतः धावू लागलो. हिंडलग्याच्या रस्त्याने सुळग्यापर्यंत, कधी येळ्ळूरच्या गडाचा चढ, असा माझा सराव चाले. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. २०१२ च्या जानेवारीत मी तिथे ३ तास ५८ मिनिटे २० सेकंदांत पोहोचलो. ती माझी आजवरची सर्वोत्तम वेळ. आधीची वेळ ४ तास ११ मिनिटांची होती. चार तासांच्या आत येण्यासाठी मी दोन वर्षे घालविली होती, आणि पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर समोर दिसला तेव्हा ती दोन वर्षे फुकट गेलीसे वाटले होते. त्या चढावर मी घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरविले आणि दर दिव्याच्या खांबाशी पाहिले. शेवटच्या दोन किलोमीटरांत दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. तरी चालावेसे वाटले नाही, कारण चाललो असतो तर ते शंभर सेकंद हातचे गेले असते.

त्या वेळेवर मी निश्चिंत विश्वास ठेवतो. तो का ठेवता येतो, हे मला नंतर उमगले. माझ्या बुटाला एक इवलीशी चकती होती. आरंभरेषा मी प्रत्यक्ष ओलांडली त्या क्षणापासून माझी वेळ मोजली गेली, बंदुकीच्या बारापासून नव्हे. मोठ्या शर्यतींचे रस्ते सायकलच्या चाकाला मोजयंत्र जोडून, वळणांवर जवळात जवळच्या रेषेने मोजतात. शिवाय अंतर चुकून कमी भरू नये म्हणून हजार मीटरला एक मीटर जास्त धरतात. म्हणजे आजचा धावपटू साधारण ४२ मीटर जास्तच धावतो. विक्रमासाठी आरंभ आणि शेवट एकमेकांपासून फार दूर चालत नाहीत, उतारही ठरावीक मर्यादेतच चालतो. २०११ साली केनियाचा जेफ्री मुताई बोस्टनला २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. तोवर इतक्या वेगाने कोणी धावले नव्हते, तरी बोस्टनचा रस्ता या नियमांत बसत नाही म्हणून तो जागतिक विक्रम ठरला नाही. रस्त्यावरच्या वेळांना ‘जागतिक विक्रम’ हे नावच मुळी २००४ पासून मिळाले. त्याआधी ‘जगातील सर्वोत्तम वेळ’ असे सावधपणे म्हणत.

१९२० साली यांपैकी काही नव्हते. हातातले घड्याळ, त्यावर सेकंदाचे पाच भाग. म्हणून त्या काळच्या वेळांच्या शेवटी .२, .४, .६, .८ असेच अंक दिसतात, कोलेमाइनेनच्या ३५.८ चे रहस्य एवढेच. वाटेत आपण कोणत्या गतीने धावत आहोत हे सांगणारे मनगटावरचे यंत्र नाही, दर पाच किलोमीटरला आपली वेळ दाखविणारा फलक नाही. परक्या देशातला रस्ता, परकी भाषा. चौगुले यांना आपली सर्वोत्तम वेळ गाठायची असे मनात धरून धावता येणे शक्यच नव्हते. त्यांच्यासमोर पुढच्या माणसाची पाठ होती. मी आणि ते एकाच वेळी निघालो असतो, तर ते मैदानात पोहोचले त्या क्षणी मी तिसाव्या किलोमीटरच्या जरा पुढे असतो आणि पेडर रोडचा चढ मला अजून चढायचा असता. चकतीने मोजलेल्या वेळेचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला हा हिशेब बरा असतो.

आता या वेळेच्या पुढचा इतिहास पाहू. माझ्या दृष्टीने व्याख्यानाचे सार येथे आहे.

१९२४ साली पॅरिसला महादेवसिंग धावले. प्रमाण ठरलेल्या अंतरावरची ही पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. त्यांची वेळ ३ तास ३७ मिनिटे ३६ सेकंद. १९३६ साली बर्लिनला सी. एस. ए. स्वामी यांना ३ तास १० मिनिटे ४४ सेकंद लागले. १९४८ ला लंडनमध्ये छोटासिंग यांना शर्यत पुरी करता आली नाही. हेच छोटासिंग १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत २ तास ४२ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले, आणि माथूर यांना तिथे कांस्यपदक मिळाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला, जिथे झाटोपेकने आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावून सुवर्णपदक नेले, तिथे माथूर २ तास ५८ मिनिटे ९ सेकंदांत आले.

हे आकडे एकाखाली एक लिहिले की जे दिसते ते मला तरी कोणी सांगितले नव्हते. ऑलिंपिकमधील भारतीयाची चौगुले यांच्याहून चांगली वेळ १९६० साली रोमला आली : लालचंद २ तास ३२ मिनिटे १३ सेकंद, जगमालसिंग २ तास ३५ मिनिटे १ सेकंद. म्हणजे चाळीस वर्षे. मधल्या काळात अंतर अर्ध्या किलोमीटरहून अधिक कमी झाले, देश स्वतंत्र झाला, संघटना आल्या, शिबिरे आली; तरी १९२० ची, लांब अंतरावरची ती वेळ ऑलिंपिकच्या मैदानावर कोणा भारतीयाने ओलांडली नाही.

याचा अर्थ काय लावावा? चौगुले अलौकिक होते असा सोपा अर्थ लावता येईल. मला तो पुरेसा वाटत नाही. दोराबजींनी पुण्यात पाहिलेली मुले अनेक होती, आणि तशी मुले पुढेही खेडोपाडी होतीच. त्यांच्याकडे पुन्हा घड्याळ लावून पाहणारे थोडे उरले. लांब पल्ल्याच्या धावण्याला पुढे आधार मिळाला तो मुख्यतः लष्करात. बक्सरकडचे शिवनाथसिंग लष्करातलेच. १९७६ ला माँट्रिऑलला ते २ तास १६ मिनिटे २२ सेकंदांत अकरावे आले. १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. मोठ्या वेळेनंतर मोठा सन्नाटा पसरावा, ही आपल्याकडे जणू रीतच होऊन बसली. चौगुले यांच्यानंतर जे झाले तेच शिवनाथसिंग यांच्यानंतर झाले. २०१९ साली गोपी थोनाकल सोलला २ तास १३ मिनिटे ३९ सेकंदांत आले, तेव्हाही जालंधरची वेळ शाबूतच होती.

अशा पुढच्या सन्नाट्याचे खापर धावपटूंवर फोडता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मोजलेला रस्ता नसतो, वर्षातून एकदा तरी नियमाने होणारी लांब पल्ल्याची शर्यत नसते, झालेल्या शर्यतींच्या वेळा जपून ठेवणारी वही नसते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून सुरू झाली, त्याचा लाभ आसपासच्या मुलांना कसा झाला हे तिकडचे लोक सांगतात. वेळ लिहून ठेवणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते. चौगुले यांचे आपल्यापाशी जे उरले आहे, ते कोणा अनोळखी बेल्जियन पंचाने नेमाने आकडा लिहिला म्हणून उरले आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते आपले सर वार्षिक शर्यतींच्या वेळा स्वतःच्या हाताने वहीत उतरवीत, हे इथल्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. पहिल्या तिघांच्याच नव्हे, शेवटून तिसऱ्या मुलाचीही. पुढच्या वर्षी तोच मुलगा आला की ते त्याला त्याचा जुना आकडा वाचून दाखवीत. माझाही दाखविला आहे. तो येथे सांगण्याजोगा नाही.

शाळेच्या व्हरांड्यात बेळगावच्या खेळाडूंचा नामफलक लावण्याचे माजी विद्यार्थी संघाने योजिले आहे, असे मला चिटणिसांनी सांगितले. त्यात फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव असणारच. माझी विनंती एवढीच की, नावापुढे नुसता ‘एकोणिसावा क्रमांक’ लिहू नये. वर्ष आणि गाव लिहावे, वेळ लिहावी, आणि वेळेला लागूनच, तितक्याच मोठ्या अक्षरांत, अंतर लिहावे : ४२ किलोमीटर ७५० मीटर.